सांगायचे तरी कोणाला?

(देवपूर, धुळे येथे महाविद्यालयीन शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पांझरेच्या उत्तर तीरावरचे हे देवपूर म्हणजे धुळे शहरातील शिक्षणाचा परिसर. साक्री, शिरपूर, शिंदखेडा या तालुक्यांतून आणि नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यातून मुली येथे शिकायला येतात. कोणी पहाटेची एस.टी. पकडून रोज ये-जा करते, कोणी वसतिगृहात राहते, कोणी नातेवाइकांच्या घरी. अनेकींच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली ती पहिलीच मुलगी असते. गावातल्या चार शहाण्यांचा विरोध पत्करून आई-बापाने तिला पाठवलेले असते. अशा मुलीवर लैंगिक अत्याचार झाला, तर ती सांगणार कोणाला? आजचा विषय एवढाच आहे; परंतु या प्रश्नाच्या उत्तरावर त्या मुलीचे पुढचे सारे आयुष्य अवलंबून असते.

एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. सत्र अर्ध्यावर आले आहे. कार्यालयाच्या खिडकीपाशी दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी उभी आहे. शिष्यवृत्तीच्या कामासाठी ती या खिडकीवर नेहमी येते, लिपिकाला 'काका' म्हणते. आज ती म्हणते, "काका, दाखला पाहिजे." काका विचारतात, "मध्येच? वर्ष वाया जाईल." ती म्हणते, "जाऊ द्या." मागे रांग उभी आहे. अर्ज नियमात बसतो. दाखल्यावर शिक्का पडतो आणि मुलगी निघून जाते. पुढे काही महिन्यांत तिचे लग्न लागते. महाविद्यालयाच्या दप्तरात नोंद राहते, की विद्यार्थिनीने स्वेच्छेने दाखला नेला.

ती नोंद खोटी नसते. पण खरीही नसते. त्या मुलीला बोलायचे होते आणि दाखला हे तिला सापडलेले एकमेव वाक्य होते. अत्याचाराची वाच्यता बहुधा अशीच होते. 'माझ्यावर अत्याचार झाला' असे स्पष्ट शब्दांत सांगत कोणी येत नाही. वर्ग बदलून मागितला जातो, प्रात्यक्षिकाला गैरहजेरी लागते, वसतिगृह सोडण्याची परवानगी मागितली जाते, ग्रंथालयातील एखादी विद्यार्थिनी कुलूप लागेपर्यंत उठतच नाही. आणि ती प्रथम बोलते ती प्राचार्यांशी किंवा समितीच्या अध्यक्षांशी क्वचितच. ज्या माणसाची तिला भीती वाटत नाही, त्याच्याशी ती बोलते. तो माणूस ग्रंथालयातील परिचर असेल, क्रीडाशिक्षिका असेल, वसतिगृहात स्वयंपाक करणारी मावशी असेल. म्हणून हा विषय एकट्या समितीचा नाही, या सभागृहातील प्रत्येकाचा आहे.

खान्देशाने पाहिलेले मौन

१९९४ साली जळगावचे नाव देशभर गाजले ते एका लाजिरवाण्या प्रकरणाने. शाळकरी आणि महाविद्यालयीन मुलींना जाळ्यात ओढून, त्यांची छायाचित्रे काढून, त्यांच्या धाकावर त्यांचे वारंवार शोषण केल्याचे ते प्रकरण होते. अरविंद इनामदार आणि मीरां चढ्ढा बोरवणकर यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी तपास हाती घेतला. बळी पडलेल्या मुलींची संख्या शेकड्यांनी सांगितली जात होती. प्रत्यक्ष फिर्याद द्यायला पुढे आलेल्या मुली त्या मानाने अगदी थोड्या होत्या.

असे का झाले? मुली भित्र्या होत्या म्हणून, हे उत्तर सोपे आहे आणि अन्यायाचेही. त्या मुली रोज शाळा-महाविद्यालयात येत होत्या. हजेरीपटावर त्यांची नावे होती. प्रत्येकीभोवती शिक्षक होते, कर्मचारी होते, नातलग होते. पण बोलले तर घरी शिक्षण बंद होईल, गावात नाव निघेल, बहिणींची लग्ने अडतील आणि शेवटी दोष आपल्याच माथी येईल, असे त्यांना वाटत होते. त्यांचे हे वाटणे निराधार होते, असे म्हणण्याचे धाडस समाजाला करता येणार नाही. गुन्हेगारांचे खरे बळ छायाचित्रात नव्हते, ते या भीतीत होते. तेव्हा कॅमेरा लागत असे, आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. धमकीचे साधन स्वस्त झाले. भीती मात्र जुनीच आहे.

त्याआधीचे एक प्रकरण विदर्भातले. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अनाथ आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत आणि तिने प्रतिकार केल्याचे दिसत नाही, या गोष्टींना त्या निकालात मोठे वजन मिळाले. १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघा विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील अत्याचारासारख्या गंभीर प्रकारांत 'माझी संमती नव्हती' असे स्त्रीने सांगितल्यास न्यायालयाने तसे गृहीत धरावे, ही तरतूद तेव्हा आली. पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हाही तेव्हाच ठरला.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण आहे. "तू ओरडली का नाहीस?" हा प्रश्न न्यायालयाच्याही आधी ग्रंथालयाच्या टेबलापाशी विचारला जातो. संकटात माणसाचे शरीर कधी कधी थिजून जाते, आवाज फुटत नाही, हातपाय हलत नाहीत. ती संमती नसते. वैद्यकशास्त्राला हे ठाऊक आहे. विचारणाऱ्याला ते ठाऊक नसेल, तर त्याच्या एका प्रश्नाने मुलगी कायमची गप्प बसते.

पहिली दहा मिनिटे

मग ऐकणाऱ्याने काय करावे? प्रथम तिला रांगेतून, गर्दीतून बाजूला घ्यावे आणि बसायला खुर्ची द्यावी. एकांत हवा, पण बंद दार नको. तिला कोणती मैत्रीण किंवा मॅडम जवळ हव्या असतील, तर विचारून बोलवावे. तिच्या खांद्यावर हात ठेवण्याआधीही विचारावे. ज्या मुलीच्या देहाविषयी दुसऱ्याने निर्णय घेतला, तिला पुन्हा न विचारता स्पर्श करू नये.

नंतर ऐकावे. का, कशाला, इतक्या रात्री, त्या कपड्यांत, त्याच्याबरोबर का गेलीस, इतके दिवस का सांगितले नाहीस, यांपैकी एकही प्रश्न ऐकणाऱ्याने विचारायचा नाही. हकिगत पुढेमागे होते, तारखा चुकतात, मधला भाग आठवत नाही. हे खोटेपणाचे लक्षण नव्हे. धक्का बसलेली स्मृती अशीच चालते. ती सांगेल तेवढे ऐकून घ्यावे. बोलून झाल्यावर साधी तीन वाक्ये पुरतात. "बाळा, सांगितलेस हे बरे केलेस. यात तुझा दोष नाही. पुढे काय करायचे ते तू ठरव, सोबत आम्ही आहोत." आणि एक प्रश्न अवश्य विचारावा, की आज रात्री ती जेथे झोपणार आहे ती जागा सुरक्षित आहे का.

ऐकणारा न्यायाधीश नाही, हे ध्यानात ठेवले म्हणजे मनातली एक शंकाही दूर होते. 'आरोप खोटा निघाला तर?' असे अनेकांना वाटते. आरोपाची शहानिशा करण्यासाठी समिती आहे, पोलीस आहेत, न्यायालय आहे. ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही तेथे बाजू मांडण्याचा हक्क आहे. ऐकणाऱ्याने धीर दिला म्हणून कोणी दोषी ठरत नाही. ऐकणाऱ्याने अविश्वास दाखवला, तर मात्र चौकशी सुरू होण्याआधीच संपते.

शक्य असेल तर त्याच दिवशी तिचे बोलणे लिहून ठेवावे, पण तिच्याच शब्दांत. येथे खान्देशाला निराळा दाखला देण्याची गरज नाही. विद्यापीठाला २०१८ साली जिचे नाव मिळाले, त्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी महाराष्ट्राला मिळाली, कारण सोपानदेवांनी आणि घरच्यांनी ती ऐकली आणि त्यांच्याच बोलीत उतरवून ठेवली. अहिराणी, भिली किंवा पावरी बोलत वाढलेली मुलगी प्रमाण मराठीत अडखळते, आणि अडखळणे म्हणजे बनाव असा समज करून घेतला जातो. तिला तिच्या बोलीत बोलू द्यावे आणि लिहिताना शब्द 'सुधारू' नयेत. तिला तक्रार लिहिता येत नसेल, तर ती लेखी उतरवण्यास मदत करणे हे समितीचे कर्तव्यच आहे.

वचन कोणते द्यावे

"कोणाला सांगणार नाही ना?" असे ती विचारते. येथे भावनेच्या भरात शपथ घेऊ नये. महाराष्ट्रात एकाच आवारात अकरावी-बारावीचे वर्ग आणि पदवीचे वर्ग भरतात. अठरा वर्षांखालील मुलामुलींना २०१२ चा 'पॉक्सो' कायदा लागू होतो. अशा अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि संस्थाप्रमुखाला त्याची शिक्षा अधिक आहे. म्हणून अल्पवयीन मुलीला आधीच सांगावे, की ज्यांना सांगणे कायद्याने आवश्यक आहे त्यांनाच सांगितले जाईल, आणि तुला कळवल्याशिवाय काही होणार नाही.

मुलगी सज्ञान असेल, तर फिर्याद द्यायची की नाही हा निर्णय तिचा. तिला न विचारता तिच्या वडिलांना दूरध्वनी करणे ही पुष्कळदा सद्‌हेतूने केलेली चूक असते. गुन्हेगार घरातला किंवा नात्यातला असू शकतो. शिवाय घरी बातमी पोहोचली की पहिला निर्णय शिक्षण बंद करण्याचा होतो, हा अनेक गावांचा अनुभव आहे. घरच्यांना सांगायचेच असेल, तर ते तिच्या संमतीने, तिच्या समोर, आणि 'हिचे शिक्षण थांबता कामा नये' असे ठामपणे म्हणणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्याच्या उपस्थितीत सांगावे. तिचे नाव कर्मचारी कक्षात चहाबरोबर उच्चारले जाऊ नये. पीडितेची ओळख प्रसिद्ध करण्यास आज भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमान्वये दोन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. महाविद्यालयाच्या व्हॉट्सअॅप गटावर तिचे नाव टाकणाऱ्याने हे कलम आठवावे.

रुग्णालय आणि पोलीस ठाणे

घटना ताजी असेल, तर पहिले स्थान रुग्णालय. सरकारी असो वा खासगी, पीडितेवर ताबडतोब व विनामूल्य उपचार करणे प्रत्येक रुग्णालयाला बंधनकारक आहे. नकार दिल्यास शिक्षा आहे. रुग्णालयाला पोलिसांना खबर द्यावी लागते, हेही तिला निघण्यापूर्वी सांगावे. गर्भधारणा टाळणारे औषध आणि एच.आय.व्ही.चा संसर्ग रोखणारे औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. जितके लवकर तितके चांगले. तपासणीपूर्वी तिने अंघोळ न केलेली बरी. अंगावरचे कपडे धुऊ नयेत. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता कागदात गुंडाळावेत. पण तिने अंघोळ केली असेल, चार दिवस लोटले असतील, तरी 'आता काय उपयोग' असे म्हणू नये. उपचाराला उशीर झाला असे कधीच नसते. तपासणी तिच्या संमतीनेच होते. आणि 'दोन बोटांची चाचणी' हा अपमानास्पद प्रकार कोणी करू लागले, तर सोबतच्या व्यक्तीने ठामपणे आक्षेप घ्यावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ आणि पुन्हा २०२२ साली त्याचा स्पष्ट निषेध केला आहे.

फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. गुन्हा साक्रीला घडला असला तरी देवपूरच्या ठाण्याला 'हद्द आमची नाही' असे म्हणता येत नाही. तिचा जबाब महिला अधिकाऱ्याने नोंदवायचा असतो, आणि तो तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणीही घेता येतो. मुलगी अनुसूचित जातीची वा जमातीची असेल आणि आरोपी तसा नसेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे लावण्याचा आग्रह धरावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. 'मनोधैर्य' योजनेचे अर्थसाहाय्यही त्यांच्यामार्फतच मिळते. हे सारे तिने एकटीने शोधावे अशी अपेक्षा करू नये. कर्मचाऱ्याने सोबत जावे, आणि शक्य असेल तर दर वेळी तीच व्यक्ती असावी, म्हणजे तिला पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागणार नाही.

आरोपी आवारातलाच असेल तर

खरी कसोटी येथे लागते. आरोप सहकाऱ्यावर असतो. तो वीस वर्षांचा मित्र असतो, शेजारच्या टेबलावर बसणारा असतो. त्याच्या हाती अंतर्गत गुण असतात, प्रात्यक्षिक परीक्षा असते, संशोधनाचे मार्गदर्शन असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी यासाठीच अंतर्गत तक्रार समितीला अधिकार दिले आहेत. तिच्यात निम्म्याहून कमी स्त्रिया असून चालत नाही. बाहेरच्या संस्थेची व्यक्ती असते, शिक्षकेतर कर्मचारी असतात, आणि विषय विद्यार्थ्यांचा असेल तर विद्यार्थी प्रतिनिधीही असतात. चौकशी चालू असताना आरोपीने त्या मुलीच्या उत्तरपत्रिका तपासू नयेत, तिचे मूल्यमापन करू नये, तिच्यापासून दूर राहावे, असे आदेश देता येतात. तिला तीन महिन्यांपर्यंत हक्काची रजा देता येते. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांत करावी लागते. सबळ कारण असेल तर समिती मुदत वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हावी लागते. मुलगी पोलिसांकडे गेली तरी समितीचा मार्ग खुला राहतो. मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही अत्याचाराला बळी पडतात, हे या विनियमांनी मान्य केले आहे. त्यांनाही 'तू पुरुष असून?' असे ऐकवले जाऊ नये.

याउलट दोघांना समोरासमोर बसवून 'मिटवून टाका' म्हणणे, माफीनामा लिहून घेणे, आरोपीच्या संसाराची दया भाकणे, हे सारे त्या मुलीवरचे दुसरे आघात आहेत. आणि सर्वांत मोठे कारण पुढे केले जाते ते संस्थेच्या नावाचे.

कुरुसभेचा प्रसंग येथे आठवल्यावाचून राहत नाही. द्रौपदीने भर सभेत प्रश्न विचारला, तेव्हा तेथे अडाणी माणसे बसलेली नव्हती. पितामह होते, आणि द्रोण व कृप हे दोन आचार्यही होते. विदुर बोलला, आणि कौरवांतलाच तरुण विकर्ण उभा राहून बोलला. बाकीच्या ज्ञानवृद्धांना कुळाची, अन्नाची आणि आसनाची अडचण होती. आजही त्या सभेचे नाव निघते ते तिच्या मौनामुळे. कुळाचे नाव राखण्यासाठी धरलेल्या मौनानेच कुळाचे नाव गेले. स्त्रीला माता म्हणून वंदन करणाऱ्या समाजाने, ती लेक होऊन कार्यालयाच्या खिडकीपाशी उभी राहते तेव्हाही तिची बाजू घेतली पाहिजे. अब्रू जाते ती गुन्हा करणाऱ्याची आणि तो झाकणाऱ्याची. हे ज्या दिवशी घराघरांत मान्य होईल, त्या दिवशी छायाचित्राची धमकी निरुपयोगी ठरेल.

एका आठवड्याचे काम

ऐकणाऱ्याच्या मनावरही भार येतो. त्याने तो मुलीचे नाव न घेता समुपदेशकाकडे हलका करावा; शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यालाही उपलब्ध आहे. आपल्या आवाक्यात नसलेले काम जाणत्या हाती सोपवणे यात कमीपणा नाही. फक्त सोपवल्यावर तिला विसरू नये. पुढच्या आठवड्यात भेटून "जेवलीस का? वर्गाला येतेस ना?" एवढे विचारणेही पुष्कळ असते.

प्रत्येक महाविद्यालयाला पुढच्या आठ दिवसांत करता येतील अशी चार कामे आहेत. समितीच्या सदस्यांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक सूचनाफलकावर ठळक अक्षरांत लावावेत. त्याखाली ११२ आणि महिलांसाठीचा १८१ हे क्रमांक लिहावेत. तीच माहिती मुलींच्या स्वच्छतागृहात आतल्या बाजूला लावावी, म्हणजे ती वाचताना कोणी पाहणार नाही. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सर्वांना एकत्र बसवून एक तास हा विषय समजावून सांगावा. आणि चौथे, वर्षाच्या मध्येच एखादी मुलगी दाखला मागायला आली, तर शिक्का मारण्यापूर्वी तिला आत बोलावून, खुर्ची देऊन, कोणीतरी तिच्याशी दहा मिनिटे बोलेल, असा लेखी नियम करावा.

त्यातल्या अनेकींचे कारण साधेच निघेल. वडिलांची बदली, घरातले आजारपण. ती दहा मिनिटे वाया गेली असे समजू नये. ज्या एकीचे कारण वेगळे असेल, तिला त्या खुर्चीवर बसल्यावर कळेल, की या महाविद्यालयात आपले ऐकणारे माणूस आहे.